मिळवलेला तास

डल्सीने उजव्या बुटावर चिकटपट्टीचा चौथा वेढा मारला, पट्टी दातांनी तोडली आणि पाय आपटून पाहिला. बूट इतका घट्ट बसला होता की बोटांना मुंग्या यायला लागल्या. तेच हवं होतं. फेनहिथच्या खाडीने ओढून घेतलेला बूट परत मिळत नाही.

"डाव्यालाही चार," रूबेनकाका म्हणाले. "तीन मारून मला फसवू नकोस."

"तुम्हाला कोण फसवणार? तुम्ही मोजतच बसलेले असता."

"बहात्तर वर्षं मोजतोय. म्हणून दोन्ही पाय जागेवर आहेत."

रूबेन मसेट. चिखलशर्यतीची वाट गेली एकतीस वर्षं तेच आखत होते, आणि शर्यत किती वाजता सोडायची तेही तेच ठरवत. मे महिन्यातल्या एका रविवारी तीनशे माणसं टायरांच्या ढिगावरून, जुन्या होडीवर ताणलेल्या जाळ्यावरून, गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतीवरून उड्या मारत खाडीत उतरायची आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातून पलीकडच्या वाळूच्या उंचवट्याला शिवून परत यायची. जमलेला सगळा पैसा गावच्या बचावबोटीला. सोळा पूर्ण झाल्याशिवाय पळता येत नसे. डल्सीला फेब्रुवारीत सोळा पूर्ण झाली आणि वाढदिवसाचा केक कापायच्या आधी तिने फॉर्म भरला. मग शाळेत जाऊन सांगितलं की आपण पहिल्या दहांत येणार. कोणी विचारलं नव्हतं. आपण काय बोललो ते डल्सीला बहुतेक वेळा बोलून झाल्यावरच कळायचं.

टायर, जाळं, भिंत, या सगळ्याचा सराव तिने शाळेच्या मैदानावर केला होता. मुलांना मागे टाकलं होतं. चिखलाची गोष्ट वेगळी होती. पाय आत गेला आणि वर आला नाही की तिच्या घशात काहीतरी आवळायचं, आणि ते तिने एकालाही सांगितलं नव्हतं. रूबेनकाकांना सांगावं लागलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिचा चेहरा पाहून ते म्हणाले होते, "दर शनिवारी येत जा. दोघं जाऊ."

आज सहावा शनिवार.

"किती म्हणालीस मघाशी?" त्यांनी विचारलं. चष्मा ते खाडीवर आणत नसत. दोन चष्मे खाडीने गिळले होते.

डल्सीने भरती-ओहोटीच्या वेळांची निळी पुस्तिका पुन्हा उघडली आणि तारखेवर बोट ठेवलं. "ओहोटीचा तळ दहा वाजून दहा."

"म्हणजे अकरा-दहा."

"अकरा-दहा," डल्सी म्हणाली.

गेल्या रविवारी उन्हाळ्यासाठी देशभरची घड्याळं तासभर पुढे सरकली होती. चंद्राला त्याचं काही नसतं, आणि भरती-ओहोटीची कोष्टकं छापणाऱ्यांनाही नसतं. त्यामुळे ऑक्टोबर संपेपर्यंत छापील वेळेत एक तास मिळवायचा, हे फेनहिथमधलं शेंबडं पोरही सांगतं. तळाच्या तासभर आधी उतरायचं आणि तळ गाठायच्या आत परत फिरायचं, हा रूबेनकाकांचा नियम. दहा वाजून बारा मिनिटांनी दोघं धक्क्याच्या उतारावरून चिखलात उतरली.

"थांबायचं नाही," ते पुढून म्हणाले. "उभी राहिलीस की तो धरतो. रुतलीस तर आडवी हो. लाज वाटून घेऊ नकोस, इथे तुला बघायला फक्त बगळे आहेत."

"बगळ्यांसमोरही माझी थोडी इज्जत आहे काका."

पण ती आडवी झाली. कोपरं, पोट, गुडघे. चिखल थंडगार होता, त्याला शिळ्या अंड्याचा वास होता, आणि तो अंगाखाली हळूहळू हलत होता. मधला चर त्यांनी गुडघाभर पाण्यातून ओलांडला. किनारा आणि वाळूचा उंचवटा यांच्या मधोमध जाणारा हा चर; ओहोटीतही तो कधी पुरता सुकत नाही. पावणेअकराच्या सुमाराला दोघं पलीकडच्या वाळूवर पोचली. डल्सीला इतका आनंद झाला की तिने दोन्ही हात वर करून एक फेरी नाचून घेतली. घसा एकदाही आवळला नव्हता.

"झालं?" रूबेनकाकांनी कमरेच्या पिशवीतून बेकन घातलेला पाव काढला आणि तिला अर्धा दिला. "खा. अजून पंचवीस मिनिटं पाणी उतरणार. आज घाई नाही."

ती वाळूवर बसून खाऊ लागली. समोर चर वाहत होता. त्यात एक पीस तरंगत होतं, बगळ्याचं असावं, पांढरंधोप. डल्सी त्याच्याकडे बघत होती कारण दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. पीस हळूच फिरलं, थोडं थबकल्यासारखं झालं आणि मग डावीकडे निघालं.

डावीकडे गाव होतं. समुद्र उजवीकडे.

तिने घास गिळला नाही. वाऱ्यामुळे असेल, तिने मनाशी म्हटलं. पण वारा गावाकडून येत होता. मग तिला फेसाची एक रेघ दिसली. तीही डावीकडेच चालली होती.

"काका," ती म्हणाली, "पाणी उतरतंय ना?"

त्यांनी पाहिलं. डोळे बारीक करून, मान पुढे काढून पाहिलं. मग हातातला पाव वाळूवर ठेवला, अगदी नीट ठेवला, आणि उठले.

"चल."

"पण अकरा-दहा—"

"चल म्हटलं ना."

मघाशी गुडघ्याइतकं असलेलं पाणी आता मांडीपर्यंत होतं, आणि त्याला ओढ होती. भरती समोरून येत नाही, ती आधी मागून, चरातून येते आणि माणसाला किनाऱ्यापासून तोडते. हे डल्सीने शंभरदा ऐकलं होतं. कमरेभोवती थंड पाणी चढत असताना त्या ऐकण्याचा काही उपयोग होत नव्हता. तिने रूबेनकाकांच्या पट्ट्याला धरलं होतं. मध्यावर पाणी छातीशी आलं. तिचे पाय तळावरून सुटले, पुन्हा टेकले, पुन्हा सुटले. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा ती ओरडणार होती, पण तोंडात पाणी होतं.

काठ म्हणजे चिखलच. ती पोटावर सरपटत वर गेली. दहा हात, वीस हात. मागे आवाज नव्हता म्हणून तिने वळून पाहिलं.

रूबेनकाका उभे होते. उभं राहायचं नसतं हे सांगणारा माणूस मांड्यांपर्यंत चिखलात उभा होता आणि पाणी त्यांच्या मागे आठ-दहा पावलांवर आलं होतं.

"आडवे व्हा ना," ती म्हणाली.

"होत नाहीये. डावा पाय धरलाय." त्यांचा आवाज साधा होता. "तू जा. धक्क्यावर जा आणि बोटीला सांग."

धक्का तिथून दोनशे पावलं. चिखलातली दोनशे पावलं. डल्सीने धक्क्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग ती उलटी फिरली आणि सरपटत त्यांच्याकडे गेली, आणि त्यांच्या डाव्या पायाशी दोन्ही हातांनी उकरायला लागली. उकरलेल्या जागी चिखल लगेच भरत होता. ती मोठ्याने मोजायला लागली, काय मोजतेय ते न कळता, एक, दोन, तीन, प्रत्येक ओंजळीला एक आकडा.

"पोरी, ऐक."

"एकवीस. बावीस. तुमच्या गळ्यातली शिट्टी वाजवा. तेवीस."

त्यांनी शिट्टी वाजवली. वाजवताना त्यांचे हात तिच्या डोळ्यांसमोर होते आणि ते इतके थरथरत होते की शिट्टी दोनदा ओठांवरून घसरली. सहा शनिवारांत तिने त्या हातांना काठी रोवताना, दोर बांधताना, पाव मोडताना पाहिलं होतं. तिने नजर खाली घेतली आणि उकरत राहिली. चाळीसला पाणी तिच्या पोटरीला लागलं. पाण्यानेच चिखल सैल केला असावा, कारण सत्तेचाळीसला पाय सुटला, आणि रूबेनकाका तिच्या अंगावर आडवे पडले.

त्यानंतर दोघं कशी सरपटली ते तिला नीट आठवत नाही. पाणी बरोबरीने येत होतं, कधी कानाशी, कधी खांद्याशी. मग इंजिनाचा आवाज आला, केशरी बोट दिसली, आणि कोणीतरी तिची मानगूट धरून तिला वर ओढलं.

ती ट्रूडी होती. एरवी ट्रूडी नाक्यावर मासे आणि बटाट्याचे काप तळून विकायची. शिट्टी किंवा भोंगा ऐकला की एप्रन फेकून बोटीवर धावायची. शर्यतीची चिटणीसही तीच. तिच्या अंगाला अजून तेलाचा वास येत होता.

धक्क्यावर तिने दोघांना पांघरुणात गुंडाळलं, हातात चहा दिला, आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तळ दहा-दहाला होता. पावणेअकराला तिथे वाळूवर सहल काढून बसला होतात? वेळ कोणी काढली?"

रूबेनकाका चहाच्या कपात बघत होते. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. एकतीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर शोधताना ते एकदम फार म्हातारे दिसले. डल्सीला ते बघवेना.

"मी," ती म्हणाली. "पुस्तिका मी वाचली. चुकीची ओळ वाचली."

ट्रूडीने तिच्याकडे पाहिलं. "शाळेत काय शिकवतात गं तुम्हाला?"

"ओळ चुकली होय," रूबेनकाका सावकाश म्हणाले. ते दोनदा तेच म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "तरीच. मी म्हणतोय, हिशेब कसा चुकेल." आणि त्यांनी पांघरुणातून हात काढून डल्सीच्या डोक्यावर ठेवला. "होतं पोरी. पण पुढच्या वेळी ओळीवर बोट नीट ठेव."

आईने त्या संध्याकाळी फार आरडाओरडा केला नाही. फॉर्मची प्रत फ्रिजवरून काढली, घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाली, "बघू." डल्सी खोलीत गेली. पुस्तिका खिशात भिजून फुगली होती. तिने ती हीटरवर वाळवली आणि पान उघडलं. तारीख बरोबर होती. ओळ बरोबर होती. दहा वाजून दहा. तिचं बोट योग्य जागीच होतं. मग पानाच्या तळाशी तिला मुंगीएवढी अक्षरं दिसली: वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे; तास मिळवू नये.

दरवर्षीची पिवळी पुस्तिका अशी नसायची. पण पिवळी पुस्तिका विकणारं धक्क्यावरचं दुकान हिवाळ्यात बंद झालं होतं. ही निळी, पेट्रोलपंपाशेजारच्या नव्या दुकानातली. तास छापणाऱ्यांनीच मिळवला होता, आणि वर रूबेनकाकांनी आपला मिळवला.

सांगायला हवं होतं. ती दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली. पहिल्यांदा ते कुंपणाशी कोणाला तरी हसत सांगत होते, "अहो, पोरीची ओळ चुकली, बाकी काही नाही." दुसऱ्यांदा दिवा दिसला, तरी तिने घंटी वाजवली नाही. शाळेत तिला सगळे 'ओळ' म्हणायला लागले. "ए ओळ, आज वार कोणता, बघून सांग." ती हसायची. हसणं सोपं होतं. दरम्यान आईने फॉर्म परत फ्रिजवर लावला, बचावबोटीचा कोणीतरी आता प्रत्येक सरावाला हजर राहील या अटीवर.

मग एप्रिलअखेर सभा झाली, होडी-मंडळाच्या हॉलमध्ये. चाळीसेक माणसं, चहाची किटली, सुका केक. त्या रात्री पत्रकं छापखान्यात जायची होती. ट्रूडीने टायर, जाळं, प्रथमोपचाराचा तंबू, सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता वेळ. रूबेन."

रूबेनकाका फळ्याशी गेले. नाकावर चष्मा होता, हातात निळी पुस्तिका. त्यांनी पान काढलं, ती दूर धरली, जवळ धरली.

"तळ अकरा-पन्नास," ते म्हणाले, "म्हणजे बारा-पन्नास. अर्धा तास आधी सोडायचं." आणि त्यांनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: १२.२०.

चाळीस माणसांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. पेनांची खरखर ऐकू आली.

डल्सी मागच्या बाकावर होती. बारा-वीस म्हणजे तळ उलटून अर्धा तास. पहिले पन्नास जण पळून परत येतील. जाड काका, शाळेतल्या बाई, पुठ्ठ्याचे पंख लावून दरवर्षी शेवटी येणारी टपालवाली, ही सगळी मागची माणसं पलीकडच्या वाळूवर असतील आणि चरातलं पीस गावाकडे निघालेलं असेल. कोणीतरी तपासेल, तिने स्वतःला सांगितलं. तिने एकेक चेहरा पाहिला. तपासणारा चेहरा एकही नव्हता. रूबेनने लिहिलं होतं ना.

तिचा हात वर गेला.

"अकरा-वीस," ती म्हणाली. आवाज फुटला. "अकरा-वीस पाहिजे ते."

हॉलमध्ये हसू पसरलं, वाईट नव्हे, प्रेमाचंच. "ओळ बोलली," कोणीतरी म्हणालं. "बाई गं, तू तर नकोच वाचूस," ट्रूडी म्हणाली आणि कागद गोळा करायला लागली.

रूबेनकाकाही हसत होते. "बस पोरी. मी या वेळी स्वतः वाचलंय."

ती बसली नाही. बसावंसं तिला फार वाटत होतं. तिने समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"त्या दिवशी माझी ओळ चुकली नव्हती," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. दहा-दहाच लिहिलं होतं आणि मी दहा-दहाच वाचलं. या पुस्तिकेत तास आधीच मिळवलाय. खाली लिहिलंय, बारीक अक्षरात."

आता हसू नव्हतं. ट्रूडी हातातले कागद घेऊन थांबली. रूबेनकाकांनी पुस्तिका दिव्याखाली नेली. चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाशी आणलं. त्यांना वेळ लागला. कोणी मदतीला गेलं नाही, जायची हिंमत झाली नसावी.

"म्हणजे ओळ बरोबर होती," ते डल्सीला म्हणाले, सभेला नव्हे.

"हो."

"आणि तास मी मिळवला."

"हो."

त्यांनी बाहीने फळा पुसला. ११.२० लिहिलं, मघापेक्षा लहान अक्षरांत. खडू ठेवला. मग ट्रूडीकडे वळून म्हणाले, "छापायच्या आधी आणखी दोघांनी बघा. मी सांगतोय म्हणून नको," आणि टोपी घेऊन बाहेर गेले.

डल्सी त्यांच्या मागे गेली. ते धक्क्याच्या कठड्याला टेकून उभे होते. खाली भरती पुरी आली होती. चिखल होता तिथे नुसतं काळं पाणी, होड्या डुलत होत्या. ती दोन हात अंतर ठेवून उभी राहिली.

"तीनशे माणसं," ते म्हणाले.

"हो."

"महिनाभर मी तुझ्या नावाने गावभर हसत हिंडलो. का सांगितलं नाहीस?"

तिने कठड्यावरचा रंग नखाने खरवडला. "त्या दिवशी तुमचे हात थरथरत होते. तुम्ही घाबरला होतात. मला वाटलं, वर आणखी हे कशाला."

"घाबरलो होतोच. चांगलाच." ते पाण्याकडे बघत होते. "पण धक्क्यावर तू ओळ चुकली म्हणालीस आणि माझी भीती गेली पोरी. ती जायला नको होती."

हॉलमधून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. ट्रूडी दारात येऊन दोघांना बघून गेली. रूबेनकाकांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली.

"शनिवारी येणार आहेस का?"

"तुम्ही येणार असाल तर."

"तळ कितीला आहे शनिवारी?"

एरवी तिने तिथल्या तिथे आकडा फेकला असता. तो तिला पाठ होता.

"घरी जाऊन बघते," ती म्हणाली. "ट्रूडीलाही विचारते. मग सांगते."

त्यांनी मान हलवली. दोघं आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते बघत.